'माझं चुकलं' म्हणायला शिकताना: आत्मस्वीकाराची पहिली पावलं

चूक झाली की मराठीत आपण दोन तऱ्हांनी बोलतो. एक, 'माझं चुकलं'. दुसरं, 'मी आहेच असली'. पहिल्या वाक्यात चूक माझी आहे, पण ती म्हणजे मी नाही. ती उचलून बघता येते, दुरुस्त करता येते, तिच्याबद्दल माफी मागता येते. दुसऱ्या वाक्यात चूक कुठे दिसतच नाही, फक्त मी उरते आणि माझ्यावर मारलेला शिक्का.

मी पस्तिशीपर्यंत स्वतःशी दुसऱ्याच तऱ्हेने बोलत आले. एकदा कामावरच्या अहवालात एक आकडा चुकला. दुरुस्तीला दहा मिनिटं लागली आणि विषय तिथेच संपला, पण माझ्या डोक्यातली सुनावणी रात्री दोनपर्यंत चालली. 'साधी बेरीज जमत नाही, लोकांच्या अजून लक्षात आलेलं नाही एवढंच.' त्यानंतर समुपदेशकांकडून, वाचनातून आणि बऱ्याच सरावातून जे शिकले, ते नव्याने सुरुवात करणाऱ्याला वापरता येईल अशा क्रमाने इथे देते आहे. पहिल्या फेरीला दोन महिने द्या. घाई केली तर हाही एक नवा अभ्यासक्रम होतो, आणि त्यात 'नापास' होण्याची भीती लागते.

आधी एक गैरसमज बाजूला ठेवू

आत्मस्वीकार म्हणजे स्वतःबद्दल छान छान वाटून घेणं, असं बरेच जण समजतात. मग आरशासमोर उभं राहून 'मी सर्वोत्तम आहे', 'मी प्रेमास पात्र आहे' अशी वाक्यं घोकतात. कॅनडातल्या मानसशास्त्रज्ञ जोअॅन वुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2009 मध्ये हेच तपासून पाहिलं. ज्यांचं स्वतःबद्दलचं मत आधीच खालावलेलं होतं, त्यांना अशी वाक्यं घोकल्यावर उलट आणखी वाईट वाटलं. याचं नवल वाटायला नको. मन प्रत्येक वाक्याला आतून उत्तर देतं: 'खरंच का?'

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी 1955 च्या सुमाराला विवेकनिष्ठ मानसोपचारपद्धती मांडायला सुरुवात केली. त्यांचं म्हणणं वेगळं होतं, आणि मला ते आजही सर्वांत पटतं. स्वतःला जास्त गुण देऊ नका, स्वतःला गुण देणंच सोडून द्या. कृतीचं मूल्यमापन जरूर करा, कारण त्याशिवाय सुधारणा होणार नाही. पण माणूस म्हणजे हजारो कृती, इच्छा, सवयी, चुका आणि अजून न घडलेल्या शक्यता. या सगळ्याची बेरीज करून एकच आकडा काढायचा कसा? असा आकडा निघत नाही, म्हणून काढूही नये. याला ते बिनशर्त आत्मस्वीकार म्हणत. 'यशस्वी झाले तर मी चांगली' या अटीवर मिळवलेला आत्मसन्मान पुढच्या अपयशाबरोबर परत द्यावा लागतो. स्वीकाराला अटच नसेल, तर तो परत मागायला कुणी येत नाही.

पहिला आठवडा: फक्त ऐका

छोटी वही घ्या, किंवा फोनमध्ये एक नोंदपान उघडा. दिवसभरात जेव्हा जेव्हा मन खट्टू होईल तेव्हा तीन गोष्टी टिपा: वेळ, काय झालं, आणि आतला आवाज नेमकं काय बोलला. 'वाईट वाटलं' एवढं लिहून भागवू नका. शब्द जसेच्या तसे हवेत: 'तुला कधीच काही पुरं करता येत नाही', 'बघ, पुन्हा तोंडघशी पडलीस'.

या आठवड्यात त्या आवाजाशी वाद घालायचा नाही आणि त्याला गप्पही करायचं नाही. गप्प करण्याचा प्रयत्न उलटतो. डॅनियल वेग्नर यांचा 1987 चा प्रयोग यासाठी प्रसिद्ध आहे. त्यांनी विद्यार्थ्यांना सांगितलं, पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका, आणि आलाच तर घंटी वाजवा. घंट्या वाजतच राहिल्या. पुढे, आता खुशाल विचार करा, असं सांगितल्यावर या विद्यार्थ्यांच्या मनात अस्वल जास्तच येऊ लागलं. ज्यांना सुरुवातीपासून मोकळीक होती, त्यांच्यापेक्षाही जास्त. मनातली बोलणी या अस्वलासारखीच वागतात.

सात दिवसांनी वही वाचा. माझ्या वहीत चाळीसच्या आसपास नोंदी होत्या, पण वाक्यं मोजून चार. तीच चार वाक्यं कपडे बदलून येत होती. रोज शेकडो टोमणे ऐकतो असं वाटत असताना खरे टोमणे चारच आहेत हे कळलं, तेव्हाच मला अर्धं ओझं उतरल्यासारखं झालं.

दुसरा आठवडा: वाक्य उसवा

आता त्यातलं एक वाक्य घ्या आणि शिवण उसवावी तसं उसवा. त्यात बहुतेक वेळा तीन धागे असतात: घडलेली गोष्ट, तिचा लावलेला अर्थ, आणि स्वतःवर मारलेला शिक्का.

समजा, मैत्रिणीने तुमचा मेसेज वाचला आणि दिवसभर उत्तर दिलं नाही. घडलं एवढंच. 'ती मला टाळतेय' हा अर्थ झाला. 'मी कुणालाच नकोशी आहे' हा शिक्का. तिन्ही इतक्या झपाट्याने एकमेकांत शिरतात की सगळं मिळून एकच सत्य असल्यासारखं वाटतं. ओळखायची युक्ती सोपी आहे: हे कॅमेऱ्यात टिपता आलं असतं का? उत्तर न आलेला मेसेज टिपता येतो, 'टाळणं' टिपता येत नाही, आणि 'नकोशी' तर मुळीच नाही.

एलिस यांच्या पद्धतीत याच मांडणीला ए-बी-सी म्हणतात: घटना, तिच्याबद्दलची समजूत, आणि त्यातून आलेला भावनिक परिणाम. आपण म्हणतो घटनेमुळे दुःख झालं, पण मधली समजूत तपासायची राहून जाते. दुःख खोटं आहे, असा याचा अर्थ नाही. प्रिय माणूस दुरावल्याचं दुःख कुठल्याही समजुतीपेक्षा खरं असतं, आणि त्याला वेळच लागतो. पण 'दुरावलं कारण माझ्यातच काही खोट आहे' हा त्यावर चढवलेला जादा भार आहे, आणि तो उतरवता येतो.

रोज एकच वाक्य उसवा. जास्त नको.

भावनेला तिचं नाव द्या

या पावलावर मी मुद्दाम रेंगाळणार आहे, कारण इथे आपली भाषा आपल्याला फार मदत करते.

मराठीत राग 'येतो'. रडू 'येतं', भीती 'वाटते', कंटाळा 'येतो'. भावना आपल्याकडे येते, आपण ती असत नाही. 'मला राग आला' म्हणताना मी आणि राग वेगळे राहतात, आणि जे आलं ते जाणारही असतं. स्वतःला मात्र आपण चटकन 'मी रागीट आहे', 'मी रडूबाई आहे', 'मी भित्री आहे' असं म्हणून टाकतो, आणि पाहुण्याला घराचा मालक करतो. दोन महिन्यांसाठी एक नियम पाळून बघा: भावनेबद्दल बोलताना 'आहे' वापरायचं नाही. 'आला', 'आली', 'वाटतंय' एवढीच क्रियापदं.

मग नाव नेमकं करा. 'टेन्शन' आणि 'मूड ऑफ' या दोन शब्दांत आपण सगळं कोंबतो. पण चीड, वैताग, संताप आणि त्रागा एक नाहीत. हेवा आणि मत्सरही एक नाहीत. 'तिच्याकडे आहे ते मलाही हवं' हा हेवा, 'तिच्याकडे असू नये' हा मत्सर. खंत, पश्चात्ताप, ओशाळलेपण, अपमान, हुरहुर, एकटेपणा, उद्विग्नता या प्रत्येकामागची गरज वेगळी असते. एकटेपणाला सोबत लागते, अपमानाला दखल, वैतागाला बहुधा विश्रांती. मोघम 'टेन्शन'ला काय द्यायचं तेच कळत नाही.

नाव देण्याचा परिणाम मेंदूतही दिसतो. मॅथ्यू लिबरमन आणि सहकाऱ्यांनी 2007 मध्ये लोकांना स्कॅनरमध्ये रागावलेले, घाबरलेले चेहरे दाखवले. चेहऱ्यावरच्या भावनेला शब्दांत नाव दिलं, तेव्हा अमिग्डाला या धोक्याची दखल घेणाऱ्या भागाची हालचाल कमी झाली आणि कपाळामागचा, आवर घालणारा एक भाग जास्त सक्रिय झाला.

नाव सुचत नसेल तर शरीराला विचारा. घसा आवळलाय? खांदे वर ओढलेत? पोटात खड्डा पडलाय? आधी ते लिहा, नाव मागून येतं. भावना फारच उसळली असेल, तर लिहिण्याआधी दोन-तीन मिनिटं श्वास सोडण्याचा काळ घेण्यापेक्षा लांबवा, चारपर्यंत मोजत आत, सहापर्यंत मोजत बाहेर. उच्छ्वासाच्या वेळी हृदयाची गती थोडी मंदावते, त्यामुळे शरीर निवळायला मदत होते.

स्वतःशी बोलण्याचा सूर

तिसऱ्या आणि चौथ्या आठवड्यात आवाजाचा सूर बदलायचा. इथे बहुतेकांना अवघडल्यासारखं होतं. मलाही झालं.

क्रिस्टिन नेफ या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी 2003 मध्ये स्वतःविषयीच्या करुणेची मांडणी केली. तिचे तीन भाग आहेत: स्वतःला झोडपण्याऐवजी मायेने वागवणं, चुका आणि दुःख सगळ्यांच्याच वाट्याला येतात याची आठवण ठेवणं, आणि वेदनेला न दाबता व न फुगवता तिच्याकडे पाहणं. यातला दुसरा भाग लोक विसरतात. शरमेचा सगळा जोर 'हे फक्त माझ्याच बाबतीत होतं' या समजुतीवर असतो.

सराव असा करा. वहीतला एक प्रसंग घ्या. हेच जिवलग मैत्रिणीच्या किंवा मित्राच्या बाबतीत घडलं असतं, तर तुम्ही काय म्हटलं असतं ते लिहा, अगदी बोलता त्या भाषेत. मग तेच स्वतःच्या नावाने वाचा. घरच्यांनी ठेवलेलं लाडकं नाव असेल तर ते घ्या, आणि पुढे 'अगं' किंवा 'अरे' लावा. स्वतःला नावाने हाक मारणं वेडेपणाचं वाटेल, पण त्यात तथ्य आहे. ईथन क्रॉस आणि सहकाऱ्यांनी 2014 मध्ये दाखवलं की तणावाच्या प्रसंगी 'मी' ऐवजी स्वतःच्या नावाने स्वतःशी बोलणाऱ्यांना प्रसंगाकडे थोड्या अंतरावरून बघता येतं आणि त्यांची घालमेल कमी होते.

माझं वाक्य फार साधं होतं: 'अगं, दमलीस. आकडा चुकलाय, उद्या नीट कर. आता झोप.' यात कौतुक नाही, सबब नाही. दुसऱ्या कुणालाही मी सहज म्हटलं असतं असं हे वाक्य स्वतःला म्हणायला मला कित्येक महिने लागले.

असे लाड केले तर आपण आळशी होऊ, ही भीती खरी आहे आणि ती हसण्यावारी नेऊ नये. पण पुरावा उलट बाजूला झुकतो. ज्युलियाना ब्रेइन्स आणि सेरेना चेन यांनी 2012 मध्ये विद्यार्थ्यांना शब्दसंग्रहाची अवघड परीक्षा दिली. ती बिघडल्यावर ज्यांना स्वतःशी समजुतीने वागायला सुचवलं होतं, त्यांनी पुढच्या परीक्षेसाठी इतरांपेक्षा जास्त वेळ अभ्यास केला. चुकीकडे बघायला भीती वाटली नाही, तर माणूस तिच्याकडे जास्त वेळ बघू शकतो.

एक सावधगिरी. काहींना स्वतःशी मायेने बोलताना बरं वाटण्याऐवजी भडभडून येतं, किंवा घाबरायला होतं. लहानपणी ज्यांच्याकडून माया मिळायची त्यांच्याकडूनच मारही मिळाला असेल, तर माया आणि भीती एकत्र बांधलेली राहतात. तसं होत असेल तर तुमचं काही चुकत नाही. हा भाग एकट्याने पुढे रेटू नका, समुपदेशकाच्या सोबतीने करा.

'पाहिजे' हा शब्द तपासा

मराठीतल्या 'पाहिजे' या शब्दाचा मला फार उपयोग झाला. 'मला पाणी पाहिजे' म्हणजे हवंय. 'मला जायला पाहिजे' म्हणजे जाणं भाग आहे. इच्छा आणि हुकूम दोन्ही एकाच शब्दात. मनाचा बराच छळ या दोहोंच्या सरमिसळीतून होतो. सगळ्यांना मी आवडावं अशी इच्छा असते, आणि कधी ती 'सगळ्यांना मी आवडलंच पाहिजे' होते ते कळतही नाही. कॅरेन हॉर्नी यांनी 1950 मध्ये अशा अंतर्गत हुकमांच्या जुलमाबद्दल लिहिलं, आणि एलिस यांच्या पद्धतीचा तर गाभाच हा आहे.

म्हणून वहीतले 'च पाहिजे' शोधा. प्रत्येकाखाली तेच वाक्य 'झालं तर मला फार आवडेल, नाही झालं तर वाईट वाटेल आणि मी ते सोसू शकेन' असं पुन्हा लिहा. 'वाईट वाटेल' गाळू नका. इच्छा सोडायची नाही, ती मनापासून ठेवायची. फक्त तिच्यावरची सक्ती काढायची.

चुकीची भरपाई

स्वीकार म्हणजे 'मी असाच आहे, घ्या चालवून' नव्हे. स्वभाव म्हणून दुसऱ्याला दुखावत राहणं आणि त्याला आत्मस्वीकार म्हणणं, याचा मला मनापासून राग येतो. जून टँगनी यांच्या संशोधनात अपराधीपणा आणि शरम यांतला फरक स्पष्ट दिसतो. अपराधीपणा कृतीबद्दल असतो, म्हणून माणूस भरपाई करायला पुढे येतो. शरम स्वतःबद्दल असते, म्हणून माणूस लपतो, किंवा दुसऱ्यावर दोष ढकलतो. स्वतःला 'नालायक' म्हणणारा माणूस माफी मागायला सर्वांत कचरतो, कारण माफी मागणं म्हणजे त्या शिक्क्यावर सही केल्यासारखं त्याला वाटतं.

म्हणून 'माझं चुकलं' पुरं करा. काय चुकलं ते सांगा, समोरच्याला काय सोसावं लागलं ते सांगा, काय भरून देता येईल ते विचारा. मग थांबा. 'मी किती वाईट आहे' हे पुढे जोडलं की समोरच्यालाच तुमची समजूत काढावी लागते.

लिहून मोकळं होणं

दुसऱ्या महिन्यात, आणि मन त्यातल्या त्यात स्थिर असेल तरच, हा प्रयोग करा. जेम्स पेनबेकर यांनी 1986 मध्ये सहकारी सँड्रा बील यांच्यासोबत विद्यार्थ्यांना सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटं, आयुष्यातल्या सर्वांत क्लेशकारक अनुभवाबद्दल लिहायला सांगितलं. घटना आणि त्याबद्दलच्या भावना असं दोन्ही लिहिणाऱ्यांना लिहिल्याबरोबर जास्त जड वाटलं, पण पुढच्या महिन्यांत त्यांच्या आरोग्य केंद्रातल्या फेऱ्या कमी झाल्या. शुद्धलेखनाकडे बघू नका, कुणाला दाखवू नका, हवं तर फाडून टाका. लिहिल्यावर तासाभरात महत्त्वाचं काम ठेवू नका. एखादी आठवण पेलवेनाशी झाली तर लगेच थांबा आणि दुसऱ्या विषयावर लिहा.

बाकी झोप आणि हालचाल यांचं महत्त्व तुम्हाला ठाऊक आहे. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल सुचवते, म्हणजे भरभर चालणंही त्यात आलं. माझा एवढाच आग्रह आहे की रात्री अकरानंतर स्वतःबद्दल कुठलाही निवाडा करू नका. दमलेलं मन न्यायाधीश म्हणून फार कठोर असतं.

मदत केव्हा घ्यायची

उदासी किंवा कशातच रस न वाटणं दिवसातला बराच वेळ, जवळपास रोज, दोन आठवडे टिकलं, झोप-भूक बिघडली, कामं अडली, तर मानसोपचारतज्ज्ञ किंवा मानसशास्त्रज्ञाला भेटा. नैराश्याच्या निदानात दोन आठवड्यांची मुदत धरतात, तेव्हा त्याहून जास्त वाट बघायचं कारण नाही. या लेखातले सराव उपचारांच्या जोडीला चालतात, त्यांच्या जागी चालत नाहीत. स्वतःला इजा करण्याचे किंवा जगू नये असे विचार येत असतील तर दोन आठवडेही थांबू नका. आजच जवळच्या माणसाला स्पष्ट शब्दांत सांगा, एकटे राहू नका, आणि तातडीची आरोग्यसेवा किंवा हेल्पलाइन गाठा. तुमच्याशी कुणी असं बोललं, तर उपदेश न करता ऐका, 'जीव द्यायचा विचार येतोय का?' असं थेट विचारा, आणि मदत पोहोचेपर्यंत सोबत राहा. असं विचारल्याने तो विचार मनात रुजत नाही.

जुनं वाक्य परत येईल त्या दिवशी

येणार आहे. मला अजूनही येतं, विशेषतः आजारपणात आणि मोठ्या कामाच्या आदल्या रात्री. अशा दिवशी सगळी पावलं करायला बसू नका. 'एवढं शिकूनही मी तिथेच' असं मन म्हणेल, तर तेही वाक्य वहीत टाका. तो नवीन पुरावा नसतो, जुन्या चारांपैकीच एक असतो. मग त्याखाली फक्त कॅमेऱ्यात टिपता येईल अशी एक ओळ लिहा, तिच्याखाली आलेल्या भावनेचं नाव लिहा, आणि वही मिटा. अर्थ लावायचं काम सकाळसाठी ठेवा.